कल्याणकारी राज्याला कान हवेत

कल्याणकारी राज्याविषयीच्या चर्चेत दोन प्रश्नांचा ऊहापोह नेहमी होतो. मदत किती द्यावयाची, आणि ती कोणाला द्यावयाची. तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्याला मदत द्यावयाची, किंवा ज्याच्याकडून ती परत घ्यावयाची, त्याच्याशी राज्याने बोलावयाचे कसे? समाजकल्याणाच्या प्रत्येक मोठ्या खात्यात हे बोलण्याचे काम करणारा एक विभाग असतो. कोठे त्याला जनसंपर्क म्हणतात, कोठे प्रसिद्धी, कोठे नुसतेच 'माहिती'. लाभार्थ्याच्या हाती पडणाऱ्या पत्राचा मसुदा, भिंतीवरील फलक, वर्तमानपत्रांना द्यावयाची उत्तरे, मंत्र्यांच्या भाषणाचे मुद्दे हे सारे या विभागाच्या टेबलावरून जाते. तरीही अंदाजपत्रकाच्या चर्चेत त्याच्या वाट्याला क्वचितच दोन वाक्ये येतात. इमारत बांधून झाल्यावर रंग देणारा कारागीर, एवढीच त्याची प्रतिष्ठा.

ही समजूत किती चुकीची आहे हे ऑस्ट्रेलियातील एका प्रकरणाने दाखवून दिले आहे. एका संपन्न, सुशिक्षित आणि कायद्याचे राज्य मानणाऱ्या देशातील खात्याने सुमारे सव्वाचार लाख नागरिकांवर बेकायदा कर्जाचा बोजा लादला, आणि ते करीत असताना आपले सर्व काही नियमाप्रमाणे चालले आहे असे ते जगाला सुमारे तीन वर्षे सांगत राहिले. 'रोबोडेट' या नावाने हे प्रकरण ओळखले जाते. गणिताची आणि कायद्याची चूक म्हणून त्याचा पुष्कळ अभ्यास झाला. पण ते तितकेच संवादाच्या अपयशाचेही प्रकरण आहे, आणि आपल्या दृष्टीने तीच बाजू अधिक बोधप्रद आहे.

सरासरीची करणी

ऑस्ट्रेलियात बेकारी भत्ता, विद्यार्थ्यांचे साहाय्य, अपंगांचे व वृद्धांचे निवृत्तिवेतन हे सारे 'सेंटरलिंक' या एकाच यंत्रणेमार्फत दिले जाते. १९९७ साली निघालेली ही यंत्रणा पुढे मानवी सेवा खात्यात विलीन झाली, आणि त्या खात्याचेच आज 'सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया' असे नामांतर झाले आहे. भत्ता घेणाऱ्याने दर पंधरवड्याची आपली कमाई कळवावयाची आणि त्या प्रमाणात त्या पंधरवड्याचा भत्ता कमीअधिक व्हावयाचा, अशी तेथील पद्धत. काही जण कमाई कमी दाखवितात, काहींच्या हातून नकळत चूक होते. जादा गेलेला पैसा परत मिळविणे हा कोणत्याही सरकारचा हक्क आहे, किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे. त्याबद्दल वाद नाही.

मे २०१५ च्या अंदाजपत्रकात ही वसुली जोरात करण्याचे ठरले आणि २०१६ च्या उत्तरार्धात ती यंत्राकडे सोपविण्यात आली. करखात्याकडे माणसाच्या वर्षाच्या कमाईचा आकडा असतो. यंत्राने त्याला २६ पंधरवड्यांनी भागावयाचे आणि येणारी सरासरी हीच त्या माणसाची प्रत्येक पंधरवड्याची कमाई असे धरावयाचे. या गृहीतकात दोष कोठे आहे हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. समजा, एका तरुणाने वर्षातले १३ पंधरवडे फळबागेत काम करून २६ हजार डॉलर मिळविले. उरलेले १३ पंधरवडे तो बेकार होता आणि तेवढ्यापुरताच त्याने भत्ता घेतला. त्याचा व्यवहार चोख आहे. पण यंत्राच्या लेखी त्याने वर्षभर दर पंधरवड्याला १००० डॉलर मिळविले. म्हणजे बेकारीच्या काळातही मिळविले आणि ते लपवून भत्ता लाटला. ज्यांची कमाई वर्षभर सारखी, त्यांना या पद्धतीची झळ नाही. ज्यांची हंगामी, तुटक आणि अनिश्चित, तेच नेमके तिच्या तावडीत सापडावयाचे. आणि भत्त्याची गरज तर त्यांनाच असते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही यांत्रिक आवृत्ती होती.

कायद्यातही याला आधार नव्हता. अशी सरासरी काढून कर्ज ठरविणे कायद्याशी सुसंगत नाही, असा सल्ला सामाजिक सेवा खात्याच्याच विधिज्ञांनी २०१४ च्या अखेरीस दिला होता. तो कागद फायलीत राहिला आणि योजना पुढे गेली.

पत्रात काय नव्हते

नागरिकाला ही सारी भानगड प्रथम कळली ती एका पत्राने. करखात्याकडील आकडा आणि आपण दिलेली माहिती यांत तफावत आहे, तरी संकेतस्थळावर जाऊन खुलासा करावा, असा त्याचा आशय. हे पत्र म्हणजे वसुलीची नोटीस नव्हे, केवळ माहितीची विचारणा आहे, असे खात्याचे म्हणणे असे. परंतु उत्तर न आल्यास सरासरी लावून कर्ज निश्चित होणार, त्यावर दहा टक्के वसुली आकार चढू शकणार आणि प्रकरण खासगी वसुलीदाराकडेही जाऊ शकणार, हा त्या विचारणेचा खरा अर्थ होता. पत्रे माणसाच्या शेवटच्या नोंदलेल्या पत्त्यावर जात. ज्यांनी घर बदलले होते त्यांना पत्र मिळालेच नाही. त्यांचे मौन मात्र यंत्राने कबुली म्हणून नोंदले.

या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यात नसलेली होती. तपासणीविषयी चौकशी करण्यासाठी खात्याने खास दूरध्वनी क्रमांक ठेवला होता. तो आरंभीच्या पत्रांत छापलेलाच नव्हता, हे तेथील लोकपालांनी एप्रिल २०१७ च्या अहवालात नमूद केले. लोकांनी फोन करू नये, संकेतस्थळावर जावे, म्हणजे माणसांचा खर्च वाचेल, असा त्यामागचा हिशेब. पूर्वी वर्षाला सुमारे २० हजार प्रकरणे तपासली जात. आता आठवड्याला तितकी पत्रे निघू लागली होती. आठवड्याला २० हजार माणसांशी बोलण्याची खात्याची तयारी नव्हती, पण आठवड्याला २० हजार माणसांना कर्जदार ठरविण्याची होती.

पत्रातून एक ओळ गाळणे हा लेखनशैलीचा प्रश्न नव्हे. त्या ओळीबरोबर नागरिकाचा प्रतिवादाचा मार्ग गळतो. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधण्याची, बंद पडलेल्या दुकानाच्या मालकाला गाठण्याची जबाबदारी पत्र घेणाऱ्यावर पडली. आपले म्हणणे सिद्ध करण्याचे ओझे दावा करणाऱ्यावर असते, हे न्यायाचे सामान्य तत्त्व. येथे ते एका छापील पत्राने उलटे केले. अशा पत्राचा मसुदा ज्याच्या हातून जातो तो कारकून नसतो, तो धोरण ठरविणारा असतो, मग त्याच्या खुर्चीवरील पाटी काहीही म्हणो.

ठराविक उत्तरांची भिंत

डिसेंबर २०१६ व जानेवारी २०१७ या काळात तक्रारींचा पूर आला. वर्तमानपत्रांतून एकामागून एक हकीकती प्रसिद्ध होऊ लागल्या. 'हे कर्ज माझे नाही' अशा अर्थाची एक चळवळच उभी राहिली. या वेळी खात्याच्या जनसंपर्क यंत्रणेने काय केले? वृत्तपत्रांना द्यावयाच्या उत्तरांचा एक संच तयार होता. सरासरीची पद्धत नवी नाही, यंत्रणा ठरल्याप्रमाणे काम करीत आहे, नागरिकाला खुलाशाची पूर्ण संधी आहे, ही त्यांतली मुख्य वाक्ये. टीका कोणतीही असो, तीच वाक्ये पुढे केली जात. पत्र मिळालेल्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांनी खुलासा केल्यावर त्यांच्याकडे काहीच देणे निघाले नाही, तेव्हा टीकाकारांनी याला चुकीचे प्रमाण म्हटले. खात्याने सांगितले की ही चूक नव्हे, पद्धत बरोबर चालत असल्याचा तो पुरावा आहे. टीकेत तथ्य आहे काय हे तपासण्याऐवजी तेच कथन पुन्हा पुन्हा सांगण्यात आले, असा ठपका पुढे चौकशी आयोगाने ठेवला.

योजनेची नावेही बदलत गेली. आधी तिच्या नावात 'ऑनलाइन अनुपालन' होते, मग 'उत्पन्नाची खातरजमा' आली, नंतर 'मागील उत्पन्न तपासा व अद्ययावत करा' असे सौम्य शब्द आले. सरासरीची मूळ रीत मात्र २०१९ पर्यंत टिकून राहिली. कोणत्याही खात्यात योजनेपेक्षा योजनेचे नाव जलद बदलू लागले की नागरिकांनी सावध व्हावे.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. तत्कालीन मानवी सेवा मंत्री ॲलन टज यांनी डिसेंबर २०१६ मध्ये दूरचित्रवाणीवर भत्ताधारकांना तुरुंगाची शक्यता बोलून दाखविली. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका स्त्रीने वर्तमानपत्रात लेख लिहून आपला अनुभव मांडला, तेव्हा खात्याकडील तिच्या खासगी नोंदींतील तपशील एका पत्रकाराला पुरविण्यात आला आणि तो छापूनही आला. तक्रारी करणाऱ्यांच्या बातम्यांना उतारा म्हणून सरकारला अनुकूल अशा वृत्तपत्रांतून दुसऱ्या बातम्या पेरावयाच्या, असे धोरण होते, ही साक्ष मंत्र्यांच्याच माजी प्रसिद्धी सल्लागाराने आयोगापुढे दिली. लाभार्थ्यांविषयीच्या माहितीचा असा वापर करून टीकेला परावृत्त करणे हा मंत्र्यांकडून झालेला सत्तेचा दुरुपयोग होता, असा निष्कर्ष आयोगाने नोंदविला. पोटासाठी सरकारदरबारी आलेल्या माणसाने विश्वासाने दिलेली माहिती त्याच्याविरुद्धच वापरली जाते हे एकदा दिसले की बाकीचे हजारो लोक आपसूकच गप्प बसतात. त्यासाठी वेगळी धमकी द्यावी लागत नाही.

ठाऊक कोणाला नव्हते?

खात्याला खरी स्थिती ठाऊक नव्हती, असे म्हणावे तर तसेही नाही. ती सांगणारे अनेक होते. तपासणीचे काम वर्षानुवर्षे केलेल्या कर्मचाऱ्यांनी आपल्या शंका लेखी स्वरूपात वरिष्ठांपर्यंत नेल्या होत्या. अपील न्यायाधिकरणाचे सदस्य प्राध्यापक टेरी कार्नी यांनी मार्च २०१७ मध्ये एका प्रकरणात असे कर्ज कायद्याला धरून नाही असा निर्णय दिला, आणि त्यानंतर तशाच आणखी काही प्रकरणांत तेच सांगितले. त्या पातळीवरील निर्णय प्रसिद्ध होत नसत. सरकारने त्यांवर अपीलही केले नाही. निर्णय त्या एकेका माणसापुरता राहिला, इतर लाखोंना त्याचा पत्ता लागला नाही. जून २०१७ मध्ये सिनेटच्या समितीने योजना थांबविण्याची शिफारस केली. तीही बाजूला पडली.

म्हणजे खालून वर येणारा प्रत्येक आवाज कोठेतरी अडत होता आणि वरून खाली जाणारा आवाज मात्र विनाअडथळा दुमदुमत होता. खात्याला जीभ मोठी होती, कान नव्हते. ज्या विभागाने कान व्हावयाचे तोच ढाल झाला होता.

अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये एका तरुणीच्या दाव्यात सरकारने फेडरल कोर्टापुढे आपले कर्ज बेकायदा असल्याचे मान्य केले. मे २०२० मध्ये चार लाख ७० हजार कर्जांपोटी वसूल केलेले ७२ कोटी १० लाख डॉलर परत करण्याची घोषणा झाली. सामुदायिक दाव्याच्या तडजोडीला जून २०२१ मध्ये मान्यता देताना न्यायमूर्ती बर्नार्ड मर्फी यांनी, सुमारे चार लाख ३३ हजार लोकांवर १७६ कोटी डॉलरची खोटी कर्जे लादली गेली होती, हे नमूद करून सरकारी कारभाराच्या या अपयशावर कठोर ताशेरे ओढले. ऑगस्ट २०२२ मध्ये क्वीन्सलंडच्या माजी सरन्यायाधीश कॅथरिन होम्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. जुलै २०२३ च्या अहवालात त्याने ५७ शिफारशी केल्या. ज्यांच्या मुलांनी वसुलीच्या तगाद्यानंतर आत्महत्या केल्या अशा मातांनी आयोगापुढे साक्षी दिल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने आणखी ४७ कोटी ५० लाख डॉलर भरपाई देण्याचे मान्य केले.

निव्वळ जमाखर्चही पाहण्याजोगा आहे. या योजनेतून ४७७ कोटी डॉलर वाचतील अशी अपेक्षा होती. आयोगाने मांडलेल्या हिशेबाप्रमाणे प्रत्यक्षात सरकारला ५६ कोटी डॉलरहून अधिक निव्वळ तोटा झाला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली.

माहितीची किंमत कोणी मोजावयाची

या प्रकरणाचे अर्थशास्त्र थोडक्यात सांगता येईल. माहिती मिळविण्यास आणि पडताळण्यास खर्च येतो. पूर्वी तो खात्याचा कर्मचारी करीत असे. मालकाला पत्र लिही, पावती मागव, पंधरवड्याचा हिशेब जुळव. नव्या योजनेने हा खर्च नाहीसा केला नाही. तो नागरिकाच्या माथी मारला. सरकारच्या वहीत तो 'बचत' म्हणून दिसला, कारण गरिबाचा गेलेला दिवस, त्याची झोप, त्याचा फोनपुढे ताटकळलेला वेळ हे कोणत्याच वहीत मांडले जात नाही. जनसंपर्क विभाग हा या खर्चाचा एकमेव नोंदवहीकार होऊ शकतो. तक्रारी किती आल्या, कोणत्या वाक्यामुळे आल्या, किती पत्रे परत आली, किती माणसे फोन न लागल्याने सोडून गेली, हे आकडे त्याच्याकडे असतात. ते आकडे वरिष्ठांपुढे ठेवणे हे त्याचे पहिले काम होय. वृत्तपत्रांतील कात्रणे ठेवणे हे फार तर दुसरे.

यावर एक आक्षेप येईल. जनसंपर्क अधिकारी सरकारचा नोकर आहे. धोरण मंत्री ठरवितात, त्याने ते लोकांपर्यंत पोहोचवावयाचे. त्याने विरोधी पक्षाचे काम करावे काय? आक्षेप रास्त आहे. त्याने धोरणाविरुद्ध जाहीर सभा घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु सरकारची निष्ठेने सेवा करणे आणि सरकारची फसगत होऊ देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जो वकील अशिलाला त्याच्या बाजूचा कच्चेपणा सांगत नाही तो निष्ठावान नव्हे, निरुपयोगी होय. २०१७ च्या जानेवारीतच कोणी अधिकाऱ्याने, 'ही उत्तरे यापुढे देता येणार नाहीत, कारण ती खरी आहेत याची खात्री मला देता येत नाही,' असे लेखी कळविले असते आणि वरिष्ठांनी ते मनावर घेतले असते, तर पुढील पावणेतीन वर्षांची हानी टळली असती. आणि सरकारची अब्रूही वाचली असती.

आपल्या अंगणात

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येण्यासारखे नाही. भारतात कल्याणकारी योजनांचा व्याप वाढला आहे, लाभ थेट बँक खात्यात जाऊ लागला आहे आणि पात्रतेची तपासणी उत्तरोत्तर यंत्राकडे जात आहे. त्या मानाने संवादाची कल्पना मात्र अजून जाहिरातीपलीकडे गेलेली नाही. संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीने, जिच्या अध्यक्षा तेव्हा नंदुरबारच्या खासदार हीना गावित होत्या, डिसेंबर २०२१ मध्ये दाखवून दिले की 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' या योजनेखाली २०१६ ते २०१९ या काळात दिलेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के रक्कम केवळ प्रसिद्धीवर खर्च झाली होती. प्रसिद्धीची गरज आहेच. पण ज्या खर्चातून राज्य बोलते आणि ज्या खर्चातून ते ऐकते त्यांत इतकी तफावत असू नये.

महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली. दरमहा १५०० रुपयांचा लाभ अल्पावधीत कोट्यवधी स्त्रियांपर्यंत पोहोचला. योजना सांगण्यात शासनाने कसूर केली नाही. गावोगावी फलक लागले. वर्षभराने पात्रतेची छाननी झाली आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी निकषांत बसत नसल्याचे आढळल्याने त्यांचा लाभ तात्पुरता स्थगित केल्याचे जाहीर झाले. अपात्रांना वगळणे योग्यच आहे आणि ऑस्ट्रेलियातील बेकायदेशीरपणाशी याची बरोबरी करण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की ज्या उत्साहाने 'पैसे मिळणार' हे सांगितले गेले, तितक्याच स्पष्टपणे 'पैसे का थांबले, कोणत्या निकषामुळे थांबले आणि त्यावर कोणाकडे दाद मागावयाची' हे त्या प्रत्येक स्त्रीला तिच्या भाषेत, लेखी सांगितले जाते काय? फलकाचा खर्च आणि या पत्राचा खर्च यांची तुलना करून पाहावी. राज्य कोणाला नागरिक समजते आणि कोणाला श्रोता, हे त्यावरून कळेल.

यासाठी नवे खाते नको, काही साध्या गोष्टी हव्यात. लाभ नाकारणाऱ्या किंवा वसुली सांगणाऱ्या प्रत्येक पत्रात कारण, हिशेब, मुदत, अपिलाचा मार्ग आणि उत्तर देणाऱ्या माणसाचा दूरध्वनी असलाच पाहिजे. असे पत्र हजारोंच्या हाती जाण्यापूर्वी दहा-वीस सामान्य लाभार्थ्यांना वाचावयास देऊन त्यांना काय समजले ते विचारले पाहिजे. तक्रारींचा गोषवारा दर महिन्याला खात्याच्या सचिवांपुढे जाऊन तो जाहीरही व्हावयास हवा. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथ्या कलमाचा आशय याहून वेगळा नाही. आणि लाभार्थ्याची वैयक्तिक माहिती कोणत्याही वादात उत्तर म्हणून वापरली जाणार नाही, हा नियम मंत्र्यांनाही लागू असला पाहिजे.

जनसंपर्क खात्याच्या प्रमुखाची निवड करताना शासन बहुधा विचारते की हा माणूस वृत्तपत्रे सांभाळील काय. विचारावयास हवे ते वेगळेच. मंत्र्यांच्या दालनात जाऊन, जे ऐकावयास कोणालाच नको आहे ते सांगण्याची याची तयारी आहे काय, आणि सांगितल्यावर त्याची खुर्ची शाबूत ठेवण्याची शासनाची तयारी आहे काय? ऑस्ट्रेलियाला या प्रश्नाचे उत्तर फार महाग पडले. त्या किमतीत सर्वांत मोठा वाटा अशा माणसांचा होता, ज्यांच्याजवळ मोजण्यासाठी काहीच नव्हते.